नेमाचे खेळ: हिरवळीवरून कॅरमच्या बोर्डावर

क्रोकेटचं पूर्ण मापाचं मैदान ३५ यार्ड लांब आणि २८ यार्ड रुंद असतं, म्हणजे ८,८२० चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आज मिळणारी ३०० चौरस फुटांची घरं त्यात २९ बसतात. घाटकोपरमध्ये जमिनीचा विचार असाच, घरांच्या हिशेबानं होतो. एवढी जागा गवत वाढवून, ते रोज कापून, एका वेळी फक्त दोघा-चौघांना खेळायला देणं इथे कुणालाच परवडणार नाही.

तरीही क्रोकेट ज्या आनंदावर उभं आहे, तो आनंद घाटकोपरच्या चांगल्या ओळखीचा आहे. एका वस्तूनं दुसरीला नेमकं मारायचं. तिला अरुंद वाटेतून पार करायचं. जमलं तर पुढची खेळी पुन्हा आपलीच, आणि जाताजाता समोरच्याची वाट अडवून ठेवायची. पंतनगरच्या वसाहतीत, भटवाडी आणि बर्वेनगरात, असल्फाच्या गल्ल्यांत, रमाबाई नगरात आणि कामराज नगरात हा आनंद कॅरमच्या बोर्डावर मिळतो. मला हे दोन्ही खेळ एकाच कुळातले वाटतात. एकाला श्रीमंत हिरवळ मिळाली, दुसऱ्याला चाळीची गॅलरी. एकाचं राज्य पंधरा-वीस वर्षांत ओसरलं, दुसरा आजही गल्लोगल्ली खेळला जातो. असं का झालं, हे पाहायचं तर दोघांचा प्रवास शेजारी शेजारी ठेवावा लागतो.

गवतावरचं वेड

काठीनं चेंडू मारून कमानीतून काढण्याचा खेळ युरोपात जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स 'पाल-माल' खेळत असे, आणि लंडनच्या पाल माल रस्त्याला त्या खेळावरूनच नाव मिळालं. मात्र आपण ज्याला क्रोकेट म्हणतो तो खेळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आयर्लंडमधून इंग्लंडमध्ये आला. त्याआधी तो आयर्लंडमध्ये कुठून आला, याबद्दल एकमत नाही. काही जण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताकडे बोट दाखवतात, काही जण तो आयर्लंडचाच म्हणतात. वाद मिटलेला नाही, पण प्रसाराचा काळ स्पष्ट आहे. १८५०च्या दशकात खेळ इंग्लंडमध्ये पोचला आणि १८६०च्या दशकात घरोघरी गेला.

या वेगामागे काही ठोस कारणं होती. १८३० साली एडविन बडिंग या इंग्लिश माणसानं गवत कापायचं यंत्र तयार केलं. तोवर एकसारखी हिरवळ राखायला विळे चालवणारी माणसं किंवा मेंढ्या लागत, त्यामुळे हिरवळ जमीनदारांच्या वाड्यांपुरतीच होती. यंत्रानं ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. लंडनच्या जॉन जॅक्स यांच्या कंपनीनं हातोडे, चेंडू आणि कमानी एका पेटीत घालून विकल्या, सोबत नियमांची पुस्तिका दिली. पेटी विकत आणली की खेळ सुरू, इतकं ते सोपं झालं.

सर्वात मोठं कारण मात्र सामाजिक होतं. लांब घोळदार झगा घातलेल्या बाईला धावायला लावणारा खेळ त्या समाजात चालला नसता. क्रोकेटमध्ये धावायचं नव्हतं, ताकद दाखवायची नव्हती. त्यामुळे बाई आणि पुरुष, आजोबा आणि नात एकाच डावात, एकाच नियमानं खेळू शकले. उघड्या मैदानावर स्त्रीनं पुरुषाला हरवायचं आणि ते सगळ्यांनी पाहायचं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. लुईस कॅरलच्या 'अ‍ॅलिस'च्या पुस्तकात राणीच्या मैदानावर रोहित पक्ष्यांचे हातोडे आणि साळूसारख्या काटेरी प्राण्यांचे चेंडू करून क्रोकेटचा डाव रंगतो. ते पुस्तक १८६५चं. लहान मुलांच्या गोष्टीत एखादा खेळ असा सहज येतो तेव्हा तो समाजात किती मुरलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

मुरलेल्या खेळाला मग व्यवस्था लागते. १८६७ साली इव्हशॅम इथे वॉल्टर जोन्स व्हिटमोर यांनी पहिली खुली स्पर्धा जिंकली. १८६८ साली ऑल इंग्लंड क्रोकेट क्लब स्थापन झाला. विम्बल्डनमध्ये वर्पल रोडला त्याची मैदानं तयार झाली, नियम एकसारखे होऊ लागले.

विम्बल्डनचा धडा

पुढे काय झालं ते जगभरच्या टेनिसप्रेमींना ठाऊक आहे, फक्त ते क्रोकेटच्या बाजूनं कुणी पाहत नाही. १८७५ साली क्लबनं एक हिरवळ लॉन टेनिससाठी मोकळी केली. १८७७ साली क्लबच्या नावात टेनिस आलं आणि त्याच वर्षी विम्बल्डनची पहिली टेनिस स्पर्धा झाली. १८८२ साली क्लबच्या नावातून क्रोकेट हा शब्दच काढून टाकला. १८९९ साली तो पुन्हा घातला, पण या वेळी टेनिसच्या मागे. आजही क्लबचं नाव ऑल इंग्लंड लॉन टेनिस अँड क्रोकेट क्लब असंच आहे. क्रोकेटनं तयार केलेल्या सपाट हिरवळी टेनिसला आयत्या मिळाल्या.

क्रोकेट मागे का पडलं, याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे. पूर्ण नियमांच्या क्रोकेटमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन चेंडू असतात, सहा कमानी आणि मध्ये एक खुंटी. आपल्या चेंडूनं दुसऱ्या चेंडूला स्पर्श केला की आणखी दोन फटके मिळतात. कमान पार केली की आणखी एक. मुरलेला खेळाडू या जास्तीच्या फटक्यांची साखळी लावतो आणि एका दमात अनेक कमानी पार करतो. तोवर समोरचा बाजूच्या खुर्चीत बसून पाहतो. त्यात अपार बुद्धी आहे, पण तरुण रक्ताला बसून राहणं मानवत नाही. टेनिसमध्ये प्रत्येक क्षणी दोघांनाही काम असतं. क्रोकेटचा चेंडू साधारण ९२ मिलिमीटरचा आणि कमानीतली जागा त्याहून जेमतेम तीन-चार मिलिमीटर मोठी. इतकी अचूकता मागणारा खेळ पाहणाऱ्याला लांबून कळतही नाही.

तरी क्रोकेट संपलं नाही. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते होतं, आणि ऑलिंपिकच्या मैदानात उतरलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये क्रोकेटच्या खेळाडू होत्या. इंग्लंडच्या डोरोथी स्टील यांनी १९२५ ते १९३६ या काळात चार वेळा खुली स्पर्धा जिंकली. खुली म्हणजे पुरुषांसह सगळ्यांसाठी असलेली. १९२५ पासून मॅकरॉबर्टसन शील्डसाठी देशादेशांचे संघ खेळतात.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे क्रोकेट जिथे गेलं तिथे बदललं. इजिप्तमध्ये ब्रिटिशांच्या क्लबांतून ते स्थानिकांकडे आलं आणि कैरोच्या क्लबांत 'गोल्फ क्रोकेट' हा त्याचा वेगवान प्रकार रुजला. त्यात एका कमानीसाठी सगळे चेंडू एकाच वेळी झगडतात, पाळी पटापट फिरते, फटके जोरकस असतात. या प्रकारात इजिप्तच्या खेळाडूंचा जगभर दबदबा आहे. जपानमध्ये महायुद्धानंतर, १९४७ साली, होक्काइडो बेटावर सुझुकी यांनी क्रोकेटवरून 'गेटबॉल' बेतला. रबराची टंचाई होती, साध्या चेंडूंचेही वांधे होते. मुलांना खेळायला काहीतरी हवं म्हणून लाकडाचा हा सांघिक खेळ निघाला. पुढे तो जपानच्या ज्येष्ठ नागरिकांचा लाडका झाला. ज्यांनी खेळाला आपल्या जागेच्या, आपल्या वेळेच्या मापाचं केलं, त्यांच्याकडे तो जोमानं जगला. घाटकोपरच्या दृष्टीनं क्रोकेटच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वात उपयोगाचा भाग आहे.

टेबलावर चढलेलं गवत

क्रोकेटचे पूर्वज जमिनीवर खेळत होते तेव्हाच त्यांच्यातली एक शाखा घरात शिरली. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये चेंडू-काठीचा हा खेळ टेबलावर आला आणि त्यातून बिलियर्ड्स घडलं. टेबलावरचं हिरवं कापड ही मूळच्या गवताची खूण मानली जाते. खाली वाकून कमानीतून काढायचा चेंडू आता कडेला आपटून परतू लागला, पुढे कोपऱ्यांना पॉकेट आली.

या कुळाचा, आणि छावण्यांत वाढलेल्या इतर खेळांचाही, आपल्या मुलखाशी जवळचा संबंध आहे. लष्करी छावण्यांत इंग्रज अधिकाऱ्यांना वेळ भरपूर आणि हाताशी काही ना काही साधन असे. पुण्याच्या छावणीत १८७०च्या दशकात बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम बसवले गेले. तो खेळ काही काळ 'पूना' याच नावानं ओळखला जाई. जबलपूरच्या छावणीत १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून स्नूकर सुरू केलं. पुढे पुण्यातच जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि १९६४ साली त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला. मराठी घरांनी बॅडमिंटन तर मनापासून आपलं केलं. क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधर यांच्या मुलींनी १९४०च्या दशकात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

पण या खेळांच्या दारावर पाटी होती. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात भारतीयांना प्रवेश नव्हता. म्हणून पारशांनी, हिंदूंनी, मुसलमानांनी समुद्रकाठी आपापले जिमखाने काढले. हिंदू जिमखाना १८९४चा. तिथेही सभासदत्व, वर्गणी, पांढरे कपडे आले. बिलियर्ड्सचं टेबल आजही सामान्य घरात शिरू शकत नाही. गिरणीत पाळी करणाऱ्या, रेल्वेत, गोदीत, पोस्टात नोकरी करणाऱ्या माणसासाठी नेमाचा खेळ हवा असेल तर तो दार, पाटी आणि वर्गणी यांच्या पलीकडचा असायला हवा होता. कॅरमनं ती जागा घेतली.

कॅरम कुणाचा?

कॅरमच्या उगमाबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं. हा खेळ भारतीय उपखंडातला, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. पतियाळाच्या राजवाड्यात काचेच्या पृष्ठभागाचा जुना बोर्ड असल्याचं सांगितलं जातं. पहिल्या महायुद्धानंतर हा खेळ लोकांमध्ये पसरला, निरनिराळ्या प्रांतांत स्पर्धा होऊ लागल्या, आणि १९३५ च्या सुमाराला श्रीलंकेत त्याच्या गंभीर स्पर्धा सुरू झाल्या. पहिला बोर्ड कुणी केला, याचा पुरावा कुणापाशी नाही, आणि तो सापडावा अशी अपेक्षाही मला वाटत नाही. लोकांनी हळूहळू घडवलेल्या खेळांना संशोधक नसतो.

जगात याच कल्पनेला ठिकठिकाणी अंकुर फुटले. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १८७६ सालचा क्रोकिनोलचा गोल बोर्ड जपून ठेवला आहे. त्यातही लाकडी चकत्या बोटानं टिचकवतात. अमेरिकेत मिशिगनमधल्या लडिंग्टन गावी हेन्री हॅस्केल यांनी १८९०च्या दशकात मुलांसाठी जाळीच्या पॉकेटांचा बोर्ड बनवून विकायला सुरुवात केली. बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हियात 'नोवुस' खेळतात. तिथे चकत्या बोटाऐवजी छोट्या क्यूनं मारतात. यातला कोण कुणाचा बाप, हे ठरवण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात घ्यावी. टेबलावरचा महाग खेळ स्वस्त आणि छोटा करण्याची गरज सगळीकडे एकाच काळात लोकांना जाणवत होती. त्या सगळ्यांत कॅरम सर्वात दूर आणि सर्वात खोल पसरला.

भारतात १९५०च्या दशकात अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९८८ साली चेन्नईत आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ स्थापन झाला. चेन्नईचे बंगारू बाबू यांनी खेळाला एकसारखे नियम आणि जागतिक व्यासपीठ मिळावं म्हणून आयुष्य वेचलं. १९९१ साली दिल्लीत पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि चेन्नईचेच मारिया इरुदयम विजेते ठरले. १९९६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्याला लोक रिकामटेकड्यांचा खेळ म्हणत, त्याला सरकारनं खेळ म्हटलं, म्हणून त्या पुरस्काराचं महत्त्व मोठं.

घाटकोपरच्या मापाचा खेळ

खेळण्याचा पृष्ठभाग ७४ सेंटिमीटर चौरस, भोवती लाकडी चौकट. स्टुलावर, पिंपावर, दोन बाकांवर कुठेही बोर्ड मांडता येतो आणि खेळ संपला की भिंतीला टेकवून, खाटेखाली सरकवून ठेवता येतो. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा स्वयंपाक, संध्याकाळी अभ्यास आणि रात्री झोप, इतकी कामं एकाच जमिनीवर होतात. तिथे कायमची जागा न मागणारा खेळच टिकतो. चाळीच्या सामाईक गॅलरीत बोर्ड आला की खेळणारे चार आणि भोवती उभे दहा. पाहणाऱ्यांनाही बोर्डावरची प्रत्येक सोंगटी दिसते, प्रत्येक चूक कळते. क्रोकेटला जे कधी साधलं नाही, ते कॅरमला पहिल्या दिवसापासून साधलं: प्रेक्षक खेळाच्या अगदी वर, हातभर अंतरावर.

दुसरं कारण पावसाळ्याचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदानं चिखलात जातात आणि मुलं घरात अडकतात. तेव्हा कॅरम निघतो. दमट हवेत बोर्ड जड होतो, सोंगटी मध्येच थांबते. मग बोरिक पावडर भुरभुरायची, हाताच्या पंजानं किंवा कापडानं सारखी करायची आणि बोर्डाच्या वर लोंबता बल्ब लावायचा. त्या पिवळ्या बल्बचा उजेडाइतकाच उबेसाठीही उपयोग असे. लाकडातली ओल तो थोडीफार ओढून घेई.

तिसरं कारण गणेशोत्सव आणि मंडळांचं. घाटकोपरच्या वसाहतींमध्ये मंडळाची खोली म्हणजे वाचनालय, रक्तदान शिबिराचं ठिकाण, ढोल-ताशे ठेवायची जागा आणि कॅरमचा अड्डा, सगळं एकच. एका बोर्डाच्या खर्चात अख्खी गल्ली वर्षानुवर्षं खेळते. स्पर्धेचा फलक लागतो, ड्रॉ निघतो, एकेरी आणि दुहेरीची नावं चढतात. नोकरीवरून साडेसातला उतरलेला माणूस घरी जाण्याआधी एक बोर्ड खेळून जातो, आणि दहावीचा मुलगा त्याच्यासमोर बसून त्याला हरवू शकतो. वय, पगार, शिक्षण हे सगळं त्या चौकटीच्या बाहेर राहतं. क्रोकेटनं इंग्लिश घरात जे केलं, ते इथे वस्तीनं वस्तीसाठी केलं.

या चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅरम क्लबांमध्ये पैशाचे डाव चालत, आणि म्हणून कित्येक आईबापांनी मुलांना बोर्डापासून लांब ठेवलं. १९८२ चा गिरणी संप आणि त्यानंतरची बेकारी या काळात वस्त्यांमध्ये रिकामे हात खूप होते. चंदन अरोरा यांच्या २०१० सालच्या 'स्ट्रायकर' चित्रपटात मालवणीच्या वस्तीतला कॅरमपटू आणि त्याच्याभोवतीचं गुन्हेगारीचं जाळं दिसतं. खेळ गरिबाच्या हातात असला की त्याच्याकडे संशयानं पाहिलं जातं. बिलियर्ड्सच्या टेबलावरही पैसे लावले जातात, पण त्यामुळे बिलियर्ड्स बदनाम होत नाही. आणखी एक उणीव घराबाहेरची आहे. सुट्टीत बहीण-भाऊ, मामी-भाचे एकत्र खेळतात, पण गल्लीतल्या आणि मंडळातल्या बोर्डाभोवती बहुतेक मुलगेच दिसतात. बाईला बरोबरीनं खेळायला देणं, हे क्रोकेटचं मोठेपण कॅरमनं रस्त्यावर अजून पूर्ण घेतलेलं नाही.

टक्कर आणि डोकं

खेळ टिकतो तो शेवटी त्याच्या आतल्या गुणांवर. स्ट्रायकरचं वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम, सोंगटीचं ५ ते साडेपाच. म्हणजे मारणारा मार खाणाऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमानं पाहिलं तर, आदर्श सरळ टकरीत सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगानं सुटते आणि स्ट्रायकर अर्ध्या वेगानं तिच्या मागे जात राहतो. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. सोंगटी पॉकेटात जाते आणि मागोमाग स्ट्रायकरही. पॉकेट साधारण साडेचार सेंटिमीटरचं आणि स्ट्रायकर ४.१३चा, त्यामुळे तो सहज आत पडतो आणि दंड भरावा लागतो. क्रोकेटचे चेंडू एकाच वजनाचे असतात. तिथे प्रश्न चेंडूला पुढे कसं न्यायचं हा असतो. कॅरममध्ये मारलेल्याला आवरायचं कसं, हा प्रश्न अधिक अवघड. म्हणून जाणकार सरळ मारण्याऐवजी हलका कट घेतो, कडेला लावून रिबाउंड काढतो, मागच्या सोंगटीला अंगठ्याच्या फटक्यानं टिपतो.

यापुढे डावपेच. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, मध्ये लाल राणी. डाव २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, म्हणजे आठ फेऱ्यांचा. राणीचे गुण तीन, पण ती घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून कव्हर द्यावं लागतं, नाहीतर राणी परत मध्यावर. राणी केव्हा घ्यायची, हा प्रत्येक बोर्डातला निर्णायक प्रश्न. लवकर घेतली तर धोका, उशीर केला तर समोरचा नेतो. आपली सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी सोडून समोरच्याची वाट बंद करणं, हे तर थेट क्रोकेटच्या कमानीसमोरचं राजकारण. आणि एखादा खेळाडू पांढरीनं सुरुवात करून पहिल्याच पाळीत आपल्या सगळ्या सोंगट्या घालतो तेव्हा त्याला 'ब्रेक टू फिनिश' म्हणतात. त्या वेळी समोरच्याला एकही फटका मिळत नाही. क्रोकेटच्या लांबलचक साखळीची ती छोटी, काही मिनिटांची आवृत्ती. लांबी कमी, म्हणून बसून राहण्याचा त्रास नाही आणि थरार मात्र पुरेपूर. कॅरम टिकण्याचं तांत्रिक कारण मला यातच दिसतं.

घरच्या खेळात नियम आणखी लवचीक. कुठे काळीला पाच, पांढरीला दहा आणि राणीला पन्नास. कुठे आकडे वेगळे. लहान मुलांना जवळून मारायची सवलत, आजोबांना हात टेकायची मुभा. स्पर्धेत मात्र खुर्ची हलवता येत नाही, तळरेषेच्या दोन्ही ओळींना स्ट्रायकर टेकलाच पाहिजे, दुहेरीत जोडीदाराला सूचना देता येत नाही. घरचा सैल आणि स्पर्धेचा कडक, असे दोन्ही खेळ एकाच बोर्डावर शेजारी नांदतात. क्रोकेटच्याही दोन बाजू अशाच होत्या.

बोर्डावरून जगात

महाराष्ट्राची कामगिरी अभिमानाची आहे. रिझर्व्ह बँकेचा प्रशांत मोरे, मुंबईचा संदीप दिवे, पुण्याचा योगेश परदेशी यांनी जागतिक विजेतेपदापर्यंत मजल मारली. महाराष्ट्र कॅरम असोसिएशन आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची संघटना यांच्या स्पर्धांतून उपनगरांतली मुलं पुढे येतात. दादरचा शिवाजी पार्क जिमखाना कॅरमच्या स्पर्धांचं ओळखीचं ठिकाण आहे. या खेळाडूंच्या पाठीशी सरकारी बँका, पेट्रोलियम कंपन्या, विमा आणि टपाल यांची क्रीडा भरती राहिली. खेळातून पैसा फारसा नाही, पण नोकरी मिळते, आणि वस्तीतल्या घरासाठी एक कायमची नोकरी म्हणजे पिढी वर येणं.

स्त्रियांमध्ये बिहारच्या रश्मी कुमारी अनेकदा विश्वविजेत्या झाल्या. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात चेन्नईची खाजिमा ही रिक्षाचालकाची मुलगी तीन सुवर्णपदकं घेऊन आली. तिची गोष्ट घाटकोपरच्या कुठल्याही वस्तीत सांगून पाहावी. प्रत्येक घराला ती आपल्या मुलीची वाटेल. गल्लीतल्या बोर्डाजवळ मुलींसाठी जागा करण्याचं याहून चांगलं कारण मला सुचत नाही.

वयाच्या दुसऱ्या टोकालाही खेळाची गरज आहे. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' या चित्रपटात जगण्याची इच्छा हरवलेल्या म्हाताऱ्याला कॅरमचा बोर्ड पुन्हा माणसांत आणतो, आणि प्रेक्षकाला ते पटतं, कारण असे आजोबा त्यानं पाहिलेले असतात. गेटबॉलनं जपानच्या ज्येष्ठांना घराबाहेर काढलं. तेच काम आपल्याकडे कॅरम करू शकतो, तेही पावसात आणि गुडघे दुखत असतानाही.

पुढचा बोर्ड कुठे मांडायचा?

आता घाटकोपर बदलतं आहे. २०१४ साली मेट्रो आली. पंतनगरच्या जुन्या इमारती पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत, रमाबाई नगरचा मोठा पुनर्विकास हाती घेतला आहे. पक्कं घर, स्वतःचं शौचालय, लिफ्ट हे सगळं लोकांच्या हक्काचं आहे आणि ते मिळालंच पाहिजे. पण चाळ पडली की गॅलरी पडते. नव्या इमारतीत घराचं दार बंद असतं आणि बाहेर असतो तो लिफ्टसमोरचा अरुंद मार्ग. घरात बोर्ड मावतो, भोवती उभे राहणारे दहा जण मावत नाहीत. मोबाइलवरचा कॅरम हातात आहे, पण त्यात पावडर नाही, लाकडाचा आवाज नाही, आणि हरल्यावर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहणं नाही.

क्रोकेट मागे पडलं तेव्हा त्याची हिरवळही टेनिसनं घेतली. कॅरमची हिरवळ म्हणजे ती सामाईक गॅलरी आणि मंडळाची खोली. ती गेली तर इतकी कमी जागा मागणारा खेळही जागेअभावी आटेल. हे टाळणं अवघड नाही. पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये बालवाडी, सोसायटीचं कार्यालय आणि कल्याण केंद्र यांची तरतूद नियमातच आहे. बहुतेक वेळा या खोल्यांना कुलूप असतं किंवा त्यात सामान भरलेलं असतं. प्रत्येक सोसायटीनं सर्वसाधारण सभेत ठराव करावा: कल्याण केंद्र रोज संध्याकाळी उघडं राहील, त्यात दोन बोर्ड आणि वर दोन चांगले दिवे असतील, आठवड्यातले ठरावीक दिवस मुलींचे आणि ज्येष्ठांचे असतील, आणि पैशाचा डाव चालणार नाही. मंडळांनी गणपतीतल्या स्पर्धेत स्त्री-पुरुष मिश्र दुहेरी सुरू करावी. जिल्हा संघटनेनं नव्या इमारतींमध्ये शिकाऊ पंच आणि प्रशिक्षक पाठवावेत.

क्रोकेटला टिकवायला आठ हजार चौरस फूट गवत लागलं. कॅरमसाठी एक उघडी खोली पुरे आहे. ती खोली आपल्या इमारतीच्या नकाशात आहे का, आणि असेल तर तिची किल्ली कुणाकडे आहे, हे पुढच्या सभेत विचारायला हवं.